पालिकेच्या शेजारी काम करताना : पुण्यात सामाजिक उद्योग सुरू करू पाहणाऱ्यांसाठी

पुण्यात कितीतरी तरुण, आणि निवृत्त झालेले पण घरात बसवत नाही असे बरेच ज्येष्ठही, एकच प्रश्न विचारत असतात : "पालिकेचं अमुक काम आम्ही जास्त चांगलं करू शकतो, सुरुवात कुठून करायची?" कचरा, सार्वजनिक शौचालयं, पालिकेच्या शाळा, दवाखान्यातली रांग, पीएमपीच्या थांब्यावरचा अंधार. विषय बदलतो, प्रश्न तोच. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सामाजिक उद्योगाच्या व्याख्येवर आपल्याकडे परिसंवाद भरपूर झाले आहेत. कामापुरतं एवढं पुरे : लोकांना लागणारी सेवा द्यायची, तिचे पैसे घ्यायचे, खर्च भागवायचा, आणि उरेल ते त्याच कामात किंवा ते काम करणाऱ्या माणसांत परत घालायचं. हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' केंद्रं 'सामाजिक उद्योग' हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधीपासून हेच करत आली आहेत. बाबा आढावांच्या नेतृत्वाखालच्या हमालांच्या संघटनेने स्वस्त, पोटभर जेवण विकायला काढलं. विकायला, वाटायला नव्हे.

सार्वजनिक सेवेशी जोडलेल्या सामाजिक उद्योगाचं पुण्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था. तिच्यामागे १९९३ साली स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कामगार संघटना आहे. संघटनेचं काम दीड दशक चालल्यावर, २००७ च्या सुमारास, सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. आज तीन हजारांहून अधिक सभासद, त्यांत बहुसंख्य महिला, घरोघरी जाऊन ओला आणि सुका कचरा घेतात. घरटी महिन्याचं शुल्क थेट त्यांच्या हातात पडतं. सुक्या कचऱ्यातलं विकण्याजोगं असेल ते त्या विकतात आणि ते उत्पन्न त्यांचंच राहतं. उरलेला कचरा पालिकेच्या गाडीत जातो. ढकलगाड्या, वर्गीकरणासाठी जागा आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा काही खर्च पालिकेने उचलायचा, असा व्यवहार.

यातली नेमकी मांडणी लक्षात घ्या. पालिकेची जबाबदारी पालिकेकडेच राहिली. दारापर्यंत पोचण्याचा जो टप्पा सरकारी यंत्रणेला जमत नव्हता, तेवढाच संस्थेने घेतला. माझं ठाम मत असं की नव्या माणसानेही याच आकाराचं काम शोधावं. पालिकेला जबाबदारीतून मोकळं करणारा उद्योग सुरुवातीला सगळ्यांना आवडतो, अधिकाऱ्यांना तर फारच. दोन वर्षांनी तुमचे पैसे संपतात आणि तोवर त्या कामाची पालिकेच्या अंदाजपत्रकातली तरतूदही संपलेली असते. मग नागरिकांकडे दोन्ही नसतं.

पहिली पायरी : काम कोणाचं आहे ते शोधा

हे सोपं वाटतं, पण इथेच महिने जातात. पुणे शहर म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्यात पुणे महानगरपालिका आहे, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका वेगळी आहे, पुणे आणि खडकी ही दोन कॅन्टोन्मेंट बोर्डं आहेत आणि भोवती पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) पसारा आहे. रस्त्याच्या या बाजूचा कचरा एकाचा आणि त्या बाजूचा दुसऱ्याचा, अशा जागा कमी नाहीत. बस पीएमपीएमएलची. ही कंपनी २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून झाली. पण बसथांब्यासमोरचा पदपथ पालिकेचा, आणि तिथे विजेची जोडणी हवी असेल तर महावितरण. एका थांब्यावर दिवा लावायचा तर तीन दारं.

मग कायदा बघा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत : साफसफाई, सांडपाणी, पाणीपुरवठा, सार्वजनिक शौचालयं, प्राथमिक शिक्षण, दवाखाने वगैरे. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत, त्यात ग्रंथालयं आणि बागांसारखी कामं येतात. हा फरक पुस्तकी नाही. बंधनकारक कामाला आधीपासून खातं असतं, कर्मचारी असतात, आणि बहुतेक वेळा एक ठेकेदारही असतो. तिथे शिरताना कोणाचा तरी पाय दुखावणार. ऐच्छिक कामात जागा मोकळी मिळते, स्वागतही होतं, पण पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री तिथेच लागते.

जागा निवडायचं स्वातंत्र्य असेल तर समाविष्ट गावांकडे जरूर बघा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, पुढे त्यातली दोन पुन्हा वेगळी करण्याचा निर्णय झाला. टॅंकर, ड्रेनेज, कचरा, आरोग्य केंद्र, सगळ्याचीच तिथे टंचाई आहे, आणि तरी नवीन प्रकल्प काढणाऱ्यांची गर्दी कोथरूड, बाणेर, औंधमध्येच. ओळखीचे लोक तिथे राहतात, दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

दुसरी पायरी : आधी पाय, मग कागद

कचऱ्यावर काम करायचं असेल तर सकाळी लवकर तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीवर जा. झाडणकाम करणाऱ्यांची हजेरी तिथे लागते. मुकादम कोण, किती जण आले, किती आले नाहीत, गाडी किती वाजता येते, हे तिथे उभं राहून जेवढं कळतं तेवढं सादरीकरणं बघून कळत नाही. शौचालयाचा विषय असेल तर सकाळी सात ते नऊ वस्तीत थांबा आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर पुन्हा जा, कारण बायकांची अडचण त्या वेळी दिसते. शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना भेटा. मुख्याध्यापकांनाही भेटायचंच, पण नंतर.

वस्तीत माहिती गोळा करणं हेच मोठं काम ठरू शकतं, याचा दाखला पुण्यातच आहे. 'शेल्टर असोसिएट्स' ही १९९३ पासून काम करणारी संस्था वस्त्यांचे नकाशे आणि घराघराची माहिती तयार करते. कोणत्या घरात शौचालय नाही, ड्रेनेजची वाहिनी त्या घरापासून किती लांब आहे, हे नकाशावर दिसलं की पालिकेशी बोलणं 'या भागात गैरसोय आहे' इथून 'या गल्लीत एवढी वाहिनी टाकली तर एवढ्या घरांत शौचालय होऊ शकतं' इथे येतं. त्यांच्या 'एक घर, एक शौचालय' पद्धतीत बांधकामाचं साहित्य संस्था दारात पोचवते आणि बांधकामाचा भार कुटुंब उचलतं. घरच्यांचा हात लागल्यामुळे शौचालयाची अडगळीची खोली होत नाही. (ज्यांनी वापरात नसलेली सरकारी शौचालयं पाहिली आहेत, त्यांना या वाक्याचं मोल कळेल.)

आता कागद. पालिकेत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना फायली बघता येतात. माहिती अधिकार कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे पुण्यात ही सोय आधी सुरू झाली आणि पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने ती राज्यभरातल्या जिल्हा आणि पालिका कार्यालयांना लागू केली. तुमच्या विषयाचं चालू कंत्राट कोणाकडे आहे, दर काय, मुदत कधी संपते, दंड किती झाला, हे सगळं फाइलमध्ये असतं. फाइल बघता येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून 'शौचालयांबाबत सर्व माहिती' असं मोघम लिहू नका. 'अमुक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील सार्वजनिक शौचालयांच्या देखभालीचे चालू वर्षातील कार्यादेश व अदा केलेली बिले' असं लिहा.

सोबत पालिकेचं अंदाजपत्रक उघडून तुमचं खातं शोधा. तरतुदीच्या आकड्यावर खूश होऊ नका, शेजारच्या रकान्यातला आधीच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च बघा. तरतूद मोठी आणि खर्च किरकोळ असेल तर पैसा आहे, काम करवून घेणारं कोणी नाही. तुमच्यासाठी यापेक्षा चांगली बातमी नाही.

तिसरी पायरी : दर महिन्याला पैसे कोण देणार?

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर नोंदणीच्या भानगडीत अजून पडू नका. देणारे तीनच : वापरणारा, पालिका, नाहीतर तिसराच कोणीतरी (कंपनी, जाहिरातदार, देणगीदार).

वापरणाऱ्याकडून पैसे घेण्याचा मोठा फायदा म्हणजे तो जाब विचारतो. कचरा न्यायला कोणी आलं नाही तर पैसे अडतात, त्यामुळे सेवा सुधारते. तोटा उघड आहे : ज्यांना परवडत नाही ते सुटतात, आणि सार्वजनिक सेवेत तेच लोक सुटून चालत नाही. म्हणून वस्त्यांसाठी पालिकेचं अनुदान आणि सोसायट्यांकडून पूर्ण शुल्क, अशी सरमिसळ करावी लागते. सोसायट्या बुडवत नाहीत, पण लांबवतात. कमिटीची सभा, मग सही, मग खजिनदार गावाला गेलेले.

आकडे मांडून बघू. समजा तुम्ही सोसायटीच्या आवारात ओल्या कचऱ्याचं खत करून देणार आहात. पालिका अशा प्रकल्पांना मिळकतकरात सवलत देते, त्यामुळे सोसायटीला त्यात रस असतो. शंभर सदनिकांची सोसायटी, घरटी ६० रुपये, म्हणजे महिना ६,००० रुपये. एक कामगार चार सोसायट्या सांभाळतो, म्हणजे २४,००० रुपये. त्यातून पगार, भविष्य निर्वाह निधी, विमा धरून १८,००० रुपये, भुसा आणि कल्चर (कचरा कुजवणारं जिवाणूंचं विरजण) २,०००, प्रवास १,५००, दुरुस्ती १,०००. खर्च २२,५००. उरले दीड हजार. असे चार कामगार आणि सोळा सोसायट्या धरल्या तरी महिन्याला सहा हजार उरतात. त्यात देखरेखीचा माणूस येत नाही, हिशेबनीस येत नाही, तुम्ही तर येतच नाही. आता दर घरटी ८० करा. चार सोसायट्यांचे ३२,००० होतात, खर्च वजा जाता ९,५००, आणि चार कामगारांमागे ३८,०००. एवढ्यात एक पर्यवेक्षक आणि अर्धवेळ हिशेबनीस बसतो. वर्षाची उलाढाल १५ लाख ३६ हजार होते, म्हणजे सेवांसाठी जीएसटी नोंदणीची जी २० लाखांची मर्यादा आहे तिच्या आत. त्यापुढे वाढताना कराचा हिशेब दरात आधीच धरलेला असावा.

आकडे माझे कल्पित आहेत, तुमचे तुम्ही भरा. पण घरटी वीस रुपयांवर सगळा उद्योग तरतो किंवा बुडतो, हे अशा गणितात नेहमीच निघतं. 'सामाजिक काम आहे, दर कमी ठेवू' असं म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येईपर्यंत बहुतेक वेळा कामगाराचाच पगार थकलेला असतो.

तिसऱ्या प्रकारच्या देणाऱ्याचं उदाहरण म्हणजे 'ती' शौचालयं. २०१६ पासून पीएमपीच्या वापरातून काढलेल्या बसगाड्यांमध्ये महिलांसाठी स्वच्छतागृहं करण्याची ही पुण्यातली कल्पना देशभर गाजली. वापराचे पाच रुपये घेतले जात. पाच रुपयांत पाणी, वीज, सफाई आणि तिथे दिवसभर बसणाऱ्या बाईंचा पगार निघणं अवघडच, म्हणून जाहिराती आणि छोट्या विक्रीची जोड देण्याचा विचार झाला. अशा रचनेत एक धोका आहे : जाहिरात वर्दळीच्या रस्त्यावर मिळते, शौचालयाची निकड मात्र जिथे जाहिरातदार फिरकत नाहीत तिथेही तितकीच असते.

चौथी पायरी : नोंदणी कशाखाली?

वकील किंवा सीए तुम्हाला त्यांच्या सवयीचा पर्याय सुचवतील. आधी वरचा प्रश्न सोडवून जा, मग पर्याय आपोआप कमी होतात.

काम करणारेच मालक असावेत असं वाटत असेल तर सहकारी संस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, उपनिबंधकांकडे नोंदणी होते, दरवर्षी लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सभा. सभासदांना हिशेब वाचायला शिकवण्याची तयारी हवी. ती नसेल तर ही संस्था नावालाच सहकारी राहते, आणि अशा संस्थांची महाराष्ट्राला नवलाई नाही.

देणग्या आणि कंपन्यांचा सीएसआर निधी (सामाजिक जबाबदारी म्हणून त्यांनी खर्चायचा पैसा) हवा असेल तर कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी, सार्वजनिक न्यास किंवा नोंदणीकृत सोसायटी (गृहनिर्माण नव्हे, सेवाभावी संस्था). कलम ८ ची कंपनी ऑनलाइन नोंदवता येते, नफा करता येतो, पण तो वाटता येत नाही. न्यास धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत येतो. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेली सोसायटीही १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास म्हणून नोंदवावी लागते. विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आणि तो मंजूर व्हायला लागणारा वेळ हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी.

सीएसआरबद्दल नव्या लोकांचे गैरसमज फार. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते, हे खरं. पण त्यांच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ ही नोंदणी लागते, १२-अ आणि ८०-जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आयकराच्या मान्यता लागतात, आणि संस्था कंपनीने किंवा सरकारने स्थापलेली नसेल तर अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे आज नोंदणी करून उद्या हिंजवडीतल्या कंपनीकडे जाण्यात अर्थ नाही. आधीची तीन वर्षं दुसऱ्या पैशांवर काढायची आहेत. चाकणच्या किंवा हिंजवडीच्या कंपनीत ओळख असली तरी नियम तोच.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) झटपट होते, गुंतवणूक घेता येते, स्टार्टअप म्हणून मान्यता मिळवता येते. राज्याच्या नावीन्यता सोसायटीतर्फे भरणाऱ्या 'स्टार्टअप वीक'मध्ये निवड झालेल्यांना सरकारी विभागांत प्रयोग करून बघण्यासाठी १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश दिले गेले आहेत, आणि निविदेशिवाय सरकारी दारात शिरण्याची ती चांगली वाट आहे. अडचण एकच : पालिकेत कंपनीचं नाव घेऊन गेलात की समोरचा तुम्हाला ठेकेदार समजतो आणि तसाच वागवतो. महिलांचा बचत गट हा सगळ्यात हलका पर्याय. पालिकेचा समाज विकास विभाग गटांबरोबर काम करतो. शाळेचा खाऊ, शिवणकाम, कापडी पिशव्या अशा कामाला तो पुरतो, यंत्रं आणि वाहनं लागणाऱ्या कामाला नाही.

काहीही निवडलंत तरी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) करून घ्या. ती फुकट असते आणि पात्र असाल तर सरकारी खरेदीत निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेची सवलत मिळू शकते. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा.

पाचवी पायरी : पालिकेच्या दारात

थेट आयुक्तांना भेटायचा मोह होतो. आयुक्त ऐकतात, छान म्हणतात, अर्जावर शेरा मारतात, आणि तो अर्ज फिरत फिरत ज्या माणसाकडे येतो त्याला तुम्ही भेटलेलाच नसता. म्हणून उलटं करा. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत : घोले रोड-शिवाजीनगर, कसबा-विश्रामबागवाडा, भवानी पेठ, येरवडा-कळस-धानोरी, हडपसर-मुंढवा वगैरे. तुमच्या भागातला आरोग्य निरीक्षक किंवा कनिष्ठ अभियंता आधी गाठा. त्याच्या डोक्याला रोजचा ताप कशाचा आहे ते विचारा. तुमच्या कामाने त्याच्याकडच्या तक्रारी कमी होणार असतील तर टिपणी (प्रस्तावाची फाइलवरची नोंद) तोच लिहील, आणि टिपणी खालून आली की वर जाते. वरून आलेली सूचना खाली येऊन पडून राहते.

दिलेल्या प्रत्येक कागदाची आवक नोंद करा आणि पोच घ्या. 'साहेबांना दिलंय' याला पालिकेत अर्थ नाही. 'आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुक' याला आहे. अर्ज मराठीत, दोन पानांच्या आत. पंचवीस स्लाइडचं सादरीकरण कोणी मागितलं तरच.

पहिला प्रयोग एका कोठीच्या किंवा एका शाळेच्या हद्दीत करा, आणि त्यासाठी लेखी परवानगी घ्याच. पैसे नकोत म्हणून परवानगीही नको, असं होत नाही. प्रयोग चालू असताना कोणी तक्रार केली तर हातात तेवढाच कागद असतो.

नगरसेवकांना टाळू नका. मार्च २०२२ पासून बराच काळ पालिकेवर प्रशासक होते आणि त्या काळात काही संस्थांना फक्त अधिकाऱ्यांशी बोलायची सवय लागली. लोकनियुक्त सभागृहात विषय स्थायी समितीपुढे येतो, प्रश्न विचारले जातात, आणि ज्याच्या प्रभागात काम आहे त्याला आधी काही माहीत नसेल तर तो विषय पुढच्या सभेत ढकलतो. सर्व पक्षांच्या लोकांना भेटा, फोटो कोणाबरोबरच झळकवू नका.

सहावी पायरी : करार

प्रयोग जमला की तीन वाटा : सामंजस्य करार, निविदा, किंवा छोट्या कामाचा थेट कार्यादेश. सामंजस्य करारात पैसे नसतील तर तो लवकर होतो आणि म्हणूनच बहुतेक सामाजिक उद्योग त्यावर समाधान मानतात. निविदेत सगळ्यात कमी दराला काम मिळतं. तुम्ही कामगाराला पूर्ण पगार देणार, समोरचा देणार नाही, तर दराच्या शर्यतीत तुम्ही हरणार हे ठरलेलं. म्हणून निविदा निघण्याआधी, तिचा मसुदा तयार होत असताना, अटींवर बोला : किमान वेतनाचा पुरावा, भविष्य निर्वाह निधीची चलनं, सेवेचा दर्जा मोजण्याची पद्धत. निविदापूर्व बैठक असते, तिथे लेखी प्रश्न द्या.

करारात हे मुद्दे असलेच पाहिजेत. बिल किती दिवसांत मिळणार आणि उशीर झाला तर काय. पालिकेने दिलेली गाडी-यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कोणाची (या एका वाक्यावाचून कितीतरी यंत्रं गंजत पडली आहेत). जागेचं वीज-पाणी बिल कोणाच्या नावावर. गोळा केलेली माहिती कोणाची, आणि त्यात लोकांची नावं-नंबर असतील तर ते कोण बघू शकणार. करार मोडायचा तर किती महिन्यांची सूचना. आणि मुदत संपल्यावर नवा करार होईपर्यंत काम कोणत्या अटींवर चालणार.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नका. 'स्वच्छ'सारख्या, हजारो सभासद असलेल्या आणि देशभर नाव झालेल्या संस्थेलाही पहिल्या पाच वर्षांनंतर करारांमधली पोकळी आणि पुढे थोड्या थोड्या महिन्यांच्या मुदतवाढी यांतून जावं लागलं. त्यांच्या पाठीशी कामगार संघटना होती, रस्त्यावर उतरण्याची ताकद होती, घरोघरी ओळखीचे नागरिक होते. तुमच्यापाशी यातलं काय असेल ते बघा. नसेल तर निदान चार महिन्यांचा पगार बॅंकेत वेगळा असू द्या. अधिकाऱ्यांची बदली हाही धोकाच समजा : ज्यांनी तुमचं काम उचलून धरलं ते जाणार, आणि नव्या साहेबांना कामाची आठवण करून द्यायला तुमच्या फायलीतले कागदच असणार.

सातवी पायरी : माणसं

पालिकेच्या कायम कर्मचाऱ्यांना तुम्ही त्यांच्या नोकऱ्या खाणारे वाटणार, आणि गेल्या काही दशकांत ठेकेदारी कशी वाढली ते बघता त्यांचं चूक नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटा. कोणतं काम तुम्ही करणार नाही, ते लेखी सांगा. तुमच्याकडे येणाऱ्या कामगारांना मानधनाच्या नावाखाली राबवू नका. किमान वेतन, हातमोजे, बूट, रजा या खर्चाच्या पहिल्या ओळी. दहा माणसं झाली की राज्य कामगार विमा, वीस झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. मी म्हणेन, त्याआधीच सुरू करा.

नागरिकांच्या सवयींवरही काम करावं लागतं, पण पत्रकं छापण्यात पैसे घालवू नका. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी साधी सूचना पुण्यात कचरावेचकांनी दिली. वर्गीकरण करणाऱ्या बाईला उघड्या हातांनी ते पुडकं सोडावं लागू नये, हे कारण लोकांना लगेच पटतं. सूचना तशी हवी : एक कृती, एक कारण.

आता वर्षाचं वेळापत्रक

पालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. एप्रिल ते जून कोठी, वस्ती, फायली आणि अंदाजपत्रक यात घालवा. पावसाळ्यात छोटा प्रयोग सुरू करा. मुद्दाम पावसाळ्यातच, कारण ओला कचरा, गळकी शौचालयं आणि बंद पडलेल्या बसगाड्यांची खरी परीक्षा तेव्हाच होते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकासाठी पालिका अर्ज मागवते. तारखा दरवर्षी बदलतात. त्यातून बाकडी, पदपथ, दिवे अशी छोटी कामं होतात, चालू सेवेला पैसे मिळत नाहीत, पण तुमच्या शेडला लागणारा ओटा किंवा नळजोड तिथून मिळवता येईल. दिवाळीच्या आसपास खाती पुढच्या वर्षाच्या मागण्या गोळा करू लागतात. प्रयोगाचे आकडे घेऊन तेव्हा खातेप्रमुखांसमोर असायला हवं. जानेवारीच्या सुमारास आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीकडे जातं, त्यानंतर ओळ घालून घेणं फार अवघड.

मार्चमध्ये नवा विषय घेऊन पालिकेत जाऊ नका. सगळे बिलं काढण्यात गुंतलेले असतात. तुमचं बिल अडकलं असेल तर मात्र रोज जा.